विखुरलेली झाडे, विखुरलेली माणसे

निसर्गाकडे बघून संघटना बांधावी, असा एक विचार अलीकडे जगभरच्या चळवळींत जोर धरतो आहे. ॲड्रिएन मरी ब्राउन या अमेरिकन कार्यकर्तीच्या २०१७ सालच्या ‘इमर्जंट स्ट्रॅटेजी’ या पुस्तकाने त्याला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. जमिनीखाली पसरणारे बुरशीचे धागे, मुंग्यांची कामाची रीत, एका झटक्यात वळणारे पक्ष्यांचे थवे यांच्याकडे बघत त्या काही सूत्रे काढतात. छोट्यात जे घडते तेच मोठ्यात उमटते, मध्यवर्ती हुकूम नसतानाही काम चालते, परिस्थिती बदलली की आकार बदलावा, आणि एकमेकांवर विसंबणे हा दुबळेपणा नव्हे. त्याच्याही आधी, १९०२ साली, रशियन विचारवंत क्रोपोत्किन यांनी प्राणिसृष्टीतल्या सहकार्याचे दाखले गोळा करून स्पर्धा हाच जगण्याचा एकमेव नियम असल्याचे म्हणणे खोडून काढले होते. विचार मोहक आहे. पण तो तपासायचा तर जिथे माणसाचे पोट अजूनही पाऊस, उतार आणि झाड यांवर अवलंबून आहे, अशा ठिकाणी तपासला पाहिजे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम पट्टा हे असे ठिकाण आहे. सह्याद्रीच्या कड्याला टेकलेली ही गावे बहुतांश महादेव कोळ्यांची, काही ठाकर आणि कातकऱ्यांची. इथे गेल्या काही दशकांत दोन तऱ्हेची कामे उभी राहिली. एक रचनेचे, शेत आणि पाण्याशी बांधलेले. दुसरे मोर्चाचे, भाव आणि हक्काशी बांधलेले.

या दोन कामांमागच्या दोन भूमिका समोरासमोर बसवल्या तर काय बोलणे होईल, ते इथे मांडायचे आहे. रचनेच्या बाजूने बोलणाऱ्यांना ‘ताई’ म्हणू आणि मोर्चाच्या बाजूने बोलणाऱ्यांना ‘भाऊ’. ही कुणी विशिष्ट माणसे नव्हेत. दोघांचे म्हणणे मात्र या डोंगरात वर्षानुवर्षे ऐकू येणारे आहे, आणि मधूनमधून माझे मत मी घालणार आहे, कारण या वादात मी तटस्थ नाही.

ताई पडकईपासून सुरुवात करतात. “भाऊ, निसर्गातून संघटना कशी उगवते हे बघायला परदेशातले पुस्तक कशाला हवे? आपल्याकडे उतारावर भातखाचर पाडायचे तर एका घराच्या हाताने होत नाही. आधी दगड वेचायचे, मोठे दगड तळाला बसवून बांध चढवायचा, फटींत बारीक दगड ठोकायचे, मग वरची माती खाली ओढून जमीन सपाट करायची, आणि जास्तीचे पाणी बांध न फोडता खाली उतरेल अशी वाट ठेवायची. पहार, टिकाव, घमेले घेऊन दहा-वीस घरे आज माझ्या रानात, उद्या तुमच्या रानात. मजुरी नाही, हिशोब फक्त पाळीचा. याच पडकईला ‘शाश्वत’ संस्थेने नवे बळ दिले. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी डिंभ्याच्या धरणग्रस्तांमध्ये उभे केलेले हे काम २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या इक्वेटर पुरस्कारापर्यंत पोचले. पुरस्काराचे सोडा. ज्या उतारावर वरई-नाचणीच्या पलीकडे काही येत नव्हते तिथे घरचा भात पिकू लागला. बांध माझा असला तरी तो वीस घरांच्या हातांनी उभा राहिला, म्हणून ती वीस घरे पुढच्या कुठल्याही प्रश्नावर एकत्र बसू शकतात. संघटना अशीच तयार होते.”

भाऊंचा आक्षेप लगेच येतो, आणि तो वरवरचा नाही. “ताई, आधी हे सांगा की माणसे त्या उतारावर गेली का. घोड नदीच्या काठची जमीन डिंभे धरणाखाली गेली, जुने आंबेगाव गाव पाण्यात गेले. डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतले एक. त्याचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे बागायतीला जाते, आणि ज्यांची जमीन बुडाली ते वर चढून दगडांत खाचर पाडतात. तुम्ही त्यांच्या सहकार्याचे कौतुक करता, पण ते सहकार्य त्यांच्यावर लादलेल्या गरजेतून आले आहे. शंभर घरांनी मिळून डोंगर फोडला हे मोठे काम खरेच. तरी प्रश्न उरतोच की बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात ओलिताची जमीन का मिळाली नाही. मुंग्यांच्या वारुळावर कुणी धरण बांधले तर मुंग्या दुसरीकडे वारूळ करतात. माणसाने तसेच करावे आणि गप्प बसावे, हा निसर्गाचा धडा असेल तर तो मला नको.”

या आक्षेपाला माझ्या मते पूर्ण उत्तर नाही, आणि तेच लक्षात ठेवायला हवे. निसर्गातल्या उदाहरणांत बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणे हा गुण असतो, कारण तिथे परिस्थिती कुणी ठरवून आणलेली नसते. इथे ती ठरवून आणली आहे. कुकडी प्रकल्पाचा आराखडा, संपादनाच्या नोटिसा, कालव्याची दिशा, हे सगळे मंत्रालयात आणि पाटबंधारे खात्यात ठरले. जुळवून घेण्याचे ओझे मात्र ज्याच्याकडे सर्वांत कमी होते त्याच्यावर पडले. म्हणून निसर्गातून काढलेले कुठलेही सूत्र वापरण्याआधी विचारायला हवे की ही परिस्थिती कुणी निर्माण केली. निसर्ग हा प्रश्न विचारत नाही. तो माणसालाच विचारावा लागतो.

पडकईची दुसरी बाजू माळीणने दाखवली. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. त्यानंतरच्या चर्चेत अतिवृष्टी आणि तीव्र उतारावरची भुसभुशीत माती यांच्याबरोबर पडकईच्या नावाखाली यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवले गेले. भाऊ म्हणतात, “बघा, तुमच्या पारंपरिक शहाणपणाचे काय झाले.” ताई तितक्याच ठामपणे सांगतात, “जेसीबीने झाले ती पडकई नव्हे. हाताच्या पडकईत दगडाशी रोज झटावे लागते, म्हणून पाणी कुठून येते ते कळते आणि त्याची वाट सोडली जाते. यंत्र दोन दिवसांत उतार कापते. पाण्याची वाट कुणी बघितली?” एकाच कारणावर माळीणचे खापर फोडणे चूक आहे, इतका मुसळधार पाऊस त्या दिवसांत झाला होता. पण ताईंच्या बोलण्यात संघटनेबद्दलचे एक महत्त्वाचे निरीक्षण दडले आहे. पडकई शासनाच्या योजनेत आली, तिला उद्दिष्टे आणि हेक्टरचे आकडे चिकटले, आणि कामाचा वेग वाढला. वेग वाढताच कामातून माणसे कमी झाली, आणि माणसांबरोबर त्यांचे बारीक लक्षही कमी झाले. छोट्यात जे घडते ते मोठ्यात उमटते, हे सूत्र इथे उलटे फिरले. छोट्याचा फक्त साचा मोठा केला गेला, छोट्याला जिवंत ठेवणारा माणसांचा सहभाग बाहेर राहिला. चळवळींचेही असेच होते. एका गावात जमलेली ग्रामसभेची रीत छापील नमुना म्हणून शंभर गावांत वाटली जाते आणि नव्याण्णव गावांत ठरावाच्या कागदापुरती उरते.

आता हिरड्याकडे येऊ. मला वाटते, सगळा वाद खऱ्या अर्थाने इथेच सुटतो. उन्हाळ्याच्या तोंडावर हिरड्याच्या झाडाला कोवळी फळे लागतात. आतली बी कठीण व्हायच्या आत ती काढायची, अंगणात वाळवायची, काळी पडून आकसली की पोत्यात भरायची. हा बाळहिरडा औषधांत जातो, कातडी कमवायला आणि रंगालाही लागतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी घरांना पावसाळ्याआधी हातात येणारा रोख पैसा बहुधा हाच. बियाणे, मुलांच्या वह्या, लग्नातले देणे, सगळे त्यावर. झाडे एका ठिकाणी नसतात. चार बांधावर, दोन रानात, काही मालकीच्या जमिनीत, काही वनखात्याच्या. झाडे विखुरलेली, म्हणून गोळा करणारी माणसेही विखुरलेली. निसर्गप्रेरित संघटनेच्या पुस्तकात विकेंद्रितपणाचे मोठे कौतुक असते. केंद्र नसले की एक घाव घालून सगळे मोडता येत नाही, असे सांगतात. हिरड्याच्या बाबतीत मात्र हेच विखुरलेपण घात करते. व्यापारी दारात येतो, पोते तोलतो, भाव सांगतो. शेजारच्या वाडीला काल काय भाव मिळाला हे या घराला ठाऊक नसते. पाऊस चार दिवसांवर आला असेल तर माल धरून ठेवणेही परवडत नाही, भिजला तर बुरशी. ज्याच्याकडे सगळ्या वाड्यांची माहिती आहे तो एकच माणूस असतो, आणि तो विकत घेणारा असतो.

भाऊ इथे तापतात, आणि त्यांचे तापणे रास्त आहे. “सावकार असाच वाड्यावस्त्यांत फिरायचा. आंबेगावातल्या जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी १८७० च्या दशकात बंड केले ते सावकारांविरुद्धच. कोळ्यांना एकत्र यावे लागले कारण वेगवेगळे राहिले की एकेकाची जमीन जात होती. म्हणून आम्ही म्हणतो, हिरड्याची खरेदी आदिवासी विकास महामंडळाने आधारभूत भावाने केली पाहिजे, खरेदी केंद्र हंगामात वेळेवर उघडले पाहिजे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले, हिरड्याची झाडे उन्मळून पडली, फळे गेली. पंचनाम्याला गेल्यावर कळले की नुकसानभरपाईच्या चौकटीत हिरडा बसतच नाही. बागेतला आंबा पडला तर त्याची नोंद होते, डोंगरातला हिरडा पडला तर कागदावर काहीच पडलेले नसते. किसान सभा या शेतकरी संघटनेने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. यात बुरशीचे धागे आणि पक्ष्यांचे थवे कुठे कामाला येतात? इथे लागतात अर्ज, तहसीलवर धरणे आणि कायद्याचे कलम.”

ताईंचे उत्तर मला या वादातले सर्वांत पटणारे उत्तर वाटते. “धरणे लागतेच, भाऊ. मी त्याला नाही म्हणत नाही. पण धरण्याला माणसे कोणत्या महिन्यात येतात, ते बघा. आवणीच्या दिवसांत बोलवा, कुणी येणार नाही, आणि येऊही नये. हिरडा वाळत असताना बोलवा, बायका येणार नाहीत, कारण वळीव आला तर अंगणातला माल उचलणारे हात त्यांचेच. तुम्ही मोर्चाची तारीख अधिवेशन बघून ठरवता. आम्ही म्हणतो, रान बघूनही ठरवा. आणि हिरडा विकायचा तर वाडीवाडीचा माल एकत्र तोलून, एकच भाव ठरवून विकायला आधी पोते ठेवायला कोरडी जागा लागते, तोलकाटा लागतो, हिशोब ठेवणारी पोरगी लागते. हे सगळे पडकईसारखे घराघरातून उभे राहते. ते नसेल तर खरेदी केंद्र उघडूनही माल व्यापाऱ्याकडेच जाईल, कारण त्याने पावसाआधी उचल दिलेली असते.”

मला वाटते, जुन्नर-आंबेगावचा अनुभव निसर्गाकडून घेण्यासारखी एवढीच एक गोष्ट शिकवतो, आणि ती पुरेशी मोठी आहे. संघटनेचा वेळ आणि लय ऋतूतून यावी. पण संघटना ज्यासाठी भांडते तो हक्क ऋतूतून येत नाही. तो भावात, मालकीत, नोंदीत असतो, आणि तिथे विखुरलेपण सोडून एकत्र यावे लागते, केंद्र उभे करावे लागते, नावानिशी उत्तरदायी माणूस नेमावा लागतो. यावर एक रास्त आक्षेप असा की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पेलणाऱ्या संघटना फार थोड्या असतात. रचनेच्या कामात रमलेले कार्यकर्ते हळूहळू देणगीदाराच्या वर्षाप्रमाणे चालू लागतात, आणि मोर्चाचे कार्यकर्ते निवडणुकीच्या वर्षाप्रमाणे. दोन्हीकडे रानाचे वर्ष बाजूला पडते. हे खरे आहे. तरीही अशक्य नाही, याचा पुरावा धरणाच्या पाण्यातच आहे.

डिंभ्याचा जलाशय म्हणजे निसर्ग नव्हे, माणसाने केलेले तळे. पण त्याच्या काठच्या विस्थापितांनी त्याचाही ऋतू ओळखला. पाण्यात मत्स्यबीज सोडायचे, रोहू-कटला-मृगळ वाढू द्यायचे, संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे उचलायची, माल संस्थेच्या काट्यावर तोलायचा. आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. ठेक्याच्या पद्धतीत जलाशयाचा फायदा बाहेरच्या ठेकेदाराकडे जाण्याचा धोका असतो. इथे तो काठावरच्या घरांकडे यावा यासाठी संस्था लागली, नोंदणी लागली. भाऊंना हे उदाहरण आवडते, कारण यात कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पादन यांवरचा सामूहिक हक्क शब्दांत लिहिला आहे. ताईंना ते आवडते, कारण संस्था कागदावर येण्याआधी जाळ्यांच्या आणि वाटपाच्या पाळ्या माणसांनी आपसात ठरवल्या होत्या. माझ्या दृष्टीने हे उदाहरण मोलाचे आहे ते दोघांनाही मान्य होणारे म्हणून नव्हे. इथे रोजचे काम आणि हक्काची मागणी ही दोन वेगळी खाती राहिली नाहीत, म्हणून ते मोलाचे.

निसर्गाचे नाव घेऊन अन्यायही करता येतो, हे या डोंगराला सांगावे लागत नाही. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. शेकरूचे, सदाहरित रानाचे रक्षण व्हावे यात वाद नाही. पण त्या रानातच राहणारी, पिढ्यान्‌पिढ्या देवराया राखणारी माणसे एका अधिसूचनेने संशयित ठरली. चराई, सरपण, हिरडा, सगळ्यावर प्रश्नचिन्ह. याच पश्चिम घाटातल्या देवरायांचा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अभ्यास केला आणि दाखवले की जंगलखात्याच्या राखीव जंगलांपेक्षा निराळ्या, गावाने पाळलेल्या नियमांनी रानाचे तुकडे टिकून राहिले. आहुप्याची देवराई आजही या भागात उभी आहे. ताई हे देवरायांचे उदाहरण मोठ्या अभिमानाने देतात. भाऊ एक गोष्ट जोडतात, आणि ती मी सोडू इच्छित नाही. देवराईचे नियम गावाने पाळले, पण ते गावातल्या बायकांना आणि वस्तीबाहेरच्या कातकऱ्यांना विचारून केलेले नव्हते. परंपरेने राखलेले सगळे न्याय्य असतेच असे नाही. जंगल राखणारी रीत आणि माणसाला दूर ठेवणारी रीत कधी कधी एकच असते. म्हणून परंपरेतून धडा घेताना त्या रीतीत कुणाचा आवाज नव्हता, तेही विचारावे लागेल. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ पासून दिलेला अधिकार इथे कामाला येतो, कारण त्यात कातकऱ्याचे आणि बाईचे मतही मोजावे लागते. निदान कागदावर तरी, आणि कागदावर असलेले मागता येते.

शेवटचा मुद्दा गाळपेरीचा. उन्हाळ्यात डिंभ्याचे पाणी उतरते तशी काठची गाळाची जमीन उघडी पडते, आणि विस्थापित कुटुंबे तिच्यावर पीक घेतात. निसर्गाशी जुळवून घेण्याचे हे सुंदर उदाहरण म्हणून दाखवले जाते. ताईही तसेच दाखवतात. पण ही जमीन कधी उघडी पडेल हे नदी ठरवत नाही. पूर्वेच्या लाभक्षेत्राला पाण्याचे आवर्तन कधी सोडायचे, किती दिवस चालवायचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. आवर्तन लांबणीवर पडले तर जमीन उशिरा उघडते आणि पेरणीचा वाफसा निघून जातो. भाऊ विचारतात, “मग ताई, गाळपेरवाल्यांनी काय करायचे? ऋतूची वाट बघायची, की बैठकीची?” ताई सांगतात, “दोन्हींची. म्हणून आवर्तनाचे वेळापत्रक ठरण्याआधी काठच्या ग्रामसभांनी ठराव करून गाळपेरीच्या तारखा लेखी द्यायच्या. अर्ज कुणी लिहायचा ते तुम्ही बघा. कुठली जमीन कोणत्या आठवड्यात उघडते, ते मी घराघरातून लिहून आणते. पाणी पूर्ण भरलेले असतानाच ते लिहायला हवे, कारण एकदा आवर्तन सुरू झाले की माणसे पाभर शोधायला लागतात आणि मग कुणाला ठरावासाठी बसायला वेळ नसतो.”